मिठाला साखरेची सोबत

जुलाब सुरू झाले की घरात कुणीतरी मीठ-साखरेचं पाणी करायला घेतं. मीठ कशाला, ते लगेच कळतं. शरीरातलं मीठ वाहून गेलंय, ते भरून काढायचं. पण साखर? चवीसाठी, नाहीतर तरतरीसाठी, असंच बहुतेकांना वाटतं. खरं कारण आतड्यातल्या पेशींच्या पटलात आहे.

पेशीपटल म्हणजे स्निग्ध रेणूंचा दुपदरी थर. प्राणवायू त्यातून सहज आरपार जातो. मिठातलं सोडियम आणि साखरेतलं ग्लुकोज मात्र अडतात, त्यांना प्रथिनांची दारं लागतात. आतड्यातलं असं एक दार जोडीनेच आत घेतं: सोडियमचे दोन आयन, म्हणजे विद्युतभारित कण, आणि ग्लुकोजचा एक रेणू. ही जोडी जीवरसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट क्रेन यांनी 1960 साली प्राग इथे मांडली. दार फिरवणारी ताकद येते पेशीच्या मागच्या बाजूच्या पंपातून. तो ऊर्जा खर्चून सतत सोडियम बाहेर फेकतो. आत सोडियम कमी पडल्यामुळे आतड्यातलं सोडियम तिकडे धाव घेतं आणि जाताना साखरेला ओढून नेतं. मीठ-साखर जिकडे जास्त तिकडे पाणी ओढलं जातं, याला परासरण म्हणतात; त्यानेच मागोमाग पाणी जातं.

पटकीचं, म्हणजे कॉलऱ्याचं विष याच पेशींची क्लोराइडची, म्हणजे मिठातल्या दुसऱ्या घटकाची, दारं उघडी ठेवायला लावतं. क्लोराइड, सोडियम आणि पाणी आतड्यात ओतत राहतं. रोगी काही तासांत कोरडा पडतो. नुसतं पाणी पाजून भागत नाही. पण जोडीच्या दाराला हे विष धक्काही लावत नाही, आणि मला यातलं सगळ्यात विलक्षण वाटतं ते हेच. एकीकडे गळती चालू असतानाही दुसरीकडून पाणी आत घेता येतं.

1971 साली बांगलादेशातले निर्वासित पश्चिम बंगालमधल्या बनगावला आले, तेव्हा छावणीत कॉलरा पसरला आणि सलाईन संपत आलं. डॉ. दिलीप महालनाबीस यांनी ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा पाण्यात कालवून पिंपं भरली. नातेवाईकच रोग्यांना ते पेल्याने पाजत. जवळपास 30 टक्के असलेलं मृत्यूचं प्रमाण 4 टक्क्यांच्या खाली आलं.

जलसंजीवनी, म्हणजे हे मीठ-साखरेचं पाणी, घरी करताना प्रमाण मात्र चुकवू नये. 1 लिटर पाण्याला 6 सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा. जास्त साखर आतड्यातच साठून उलट शरीरातलं पाणी ओढते, म्हणून जुलाबात गोड शीतपेयं नकोत. जागतिक आरोग्य संघटनेनेही 2002 साली जलसंजीवनीच्या तयार पाकिटातलं ग्लुकोज लिटरमागे 20 ग्रॅमवरून 13.5 ग्रॅमवर आणलं. पाकीट लिटरभराचं असेल, तर पाणीही पुरतं लिटरभर घ्या.