मोडेनाच्या कबरीतले हात

इटलीतल्या मोडेना शहरात २००९ साली एका कबरीत दोन सांगाडे सापडले. शेजारी-शेजारी, हातात हात. काळ इसवी सनाच्या चौथ्या ते सहाव्या शतकातला. बातम्यांनी लगेच बारसं उरकलं, ‘मोडेनाचे प्रेमिक’. एक बाई, एक पुरुष हे सगळ्यांनी धरूनच चाललं. हाडं मात्र इतकी झिजलेली की त्यांवरून काही ठरेना, आणि डीएनएही हाती लागेना.

२०१९ मध्ये दात बोलले. दातावरचं इनॅमल हा शरीरातला सर्वांत टणक पदार्थ. ते घडताना अमेलोजेनिन नावाचं प्रथिन लागतं आणि त्याचे बारीक तुकडे आत अडकून राहतात, शतकानुशतकं. या प्रथिनाचं जनुक एक्स आणि वाय अशा दोन्ही गुणसूत्रांवर असतं, पण दोन्हींच्या प्रथिनांत किंचित फरक असतो. इनॅमलचा थर आम्लात जरासा विरघळवायचा आणि वस्तुमान वर्णपटमापीत, म्हणजे रेणूंचं वजन मोजून त्यांची ओळख पटवणाऱ्या यंत्रात, वाय गुणसूत्राच्या प्रथिनाचा तुकडा शोधायचा. दिसला, तर दात पुरुषाचा. बोलोन्या विद्यापीठाच्या फेदेरिको लुग्ली आणि सहकाऱ्यांना तो दोघांच्याही दातांत सापडला.

मग हे जोडपं होतं का? इथे घाई नडते. इ. स. ३४२ च्या एका रोमन कायद्याने ‘बाईसारखं लग्न करणाऱ्या’ पुरुषाला कठोर शिक्षा फर्मावली होती. त्यात वापरलेलं ‘नुबेरे’ हे क्रियापद एरवी नवरीचं. आपण ‘नांदायला जाणं’ म्हणतो ना, तसं. (त्याआधी सम्राट नीरोने स्वतः नवरीचा बुरखा घेऊन एका पुरुषाशी विधिवत लग्न लावल्याचं रोमन इतिहासकार टॅसिटस लिहितो, अर्थात नाक मुरडून.) अशा कायद्याच्या काळात असं नातं कबरीत उघड मांडलं गेलं असेल, हे संशोधकांना अवघड वाटतं. त्याच दफनभूमीतल्या इतर काही सांगाड्यांवर जखमांच्या खुणा आहेत. म्हणजे हे सैनिक असतील, भाऊ किंवा चुलतभाऊही असतील.

हातात हात ही खूणही एका अर्थाची नाही. रोमन शवपेट्यांवर ती नवरा-बायकोची, आपल्या पाणिग्रहणासारखी. रोमन नाण्यांवर तीच सैन्याच्या निष्ठेची.

मला राहून राहून तिसऱ्याच माणसाचा विचार येतो. मेलेल्याचा हात आपणहून दुसऱ्याचा हात धरत नाही. माती लोटण्याआधी कुणीतरी वाकून हे दोन हात जुळवले होते.