धोकादायक मालाची सागरी वाहतूक

स्फोटक, ज्वलनशील, विषारी, क्षरणकारी किंवा अन्य प्रकारे माणसांना, जहाजाला वा समुद्राला अपाय करू शकणाऱ्या वेष्टित मालाची जहाजाने होणारी वाहतूक. तिचे नियम आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या आयएमडीजी संहितेत (धोकादायक मालाच्या सागरी वाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीत) आहेत. ही संहिता १९६५ मध्ये स्वीकारली गेली आणि सोलास या समुद्रावरील जीवितसुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या सातव्या प्रकरणान्वये १ जानेवारी २००४ पासून बंधनकारक झाली. तिच्यात दर दोन वर्षांनी सुधारणा होते.

माल कोणत्या वर्गात मोडतो हे ठरवणे पाठवणाऱ्याचे काम. जहाज कंपनी ते करत नाही. वर्ग नऊ आहेत. ज्या द्रवाचा फ्लॅश पॉइंट (त्याची वाफ ठिणगीने पेट घेऊ शकते असे किमान तापमान) बंद पात्राच्या चाचणीत ६० अंश सेल्सियस किंवा त्याहून कमी भरतो, तो तिसऱ्या वर्गात जातो. २३ अंशांखाली फ्लॅश पॉइंट असून उत्कलन ३५ अंशांच्या वर सुरू होत असेल, तर त्याला दुसरा वेष्टन गट (धोक्याची तीव्रता दाखवणारी श्रेणी) मिळतो. उदाहरणार्थ, अ‍ॅसिटोन (यूएन १०९०, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या यादीतील त्याचा ओळख क्रमांक). पहिला गट सर्वाधिक धोक्याचा, तिसरा सर्वांत कमी. एकाच पदार्थात दोन धोके असू शकतात : तीव्र नायट्रिक आम्ल आठव्या वर्गाचे असले तरी ऑक्सिडीकारक म्हणून ५.१ हा दुय्यम धोकाही नोंदवावा लागतो. तो राहून गेला, तर पुढचे सगळे अलगीकरण, म्हणजे एकमेकांशी घातक ठरणारे माल वेगळे ठेवणे, चुकते. असे आम्ल आणि अ‍ॅसिटोन एकाच कंटेनरमध्ये भरता येत नाहीत.

घोषणापत्रात यूएन क्रमांक, अधिकृत नाव, वर्ग व वेष्टन गट याच क्रमाने लिहितात. केवळ व्यापारी नाव चालत नाही. पेट्यांवर १०० मिमी बाजूचे हिऱ्याच्या आकाराचे लेबल, तर कंटेनरच्या चारही बाजूंना २५० मिमीचे प्लॅकार्ड लावतात. समुद्रात तीन महिने बुडाले तरी त्यांवरील माहिती ओळखता आली पाहिजे. कंटेनर भरणारा पॅकिंग प्रमाणपत्रावर सही करतो. पिंपांमधल्या मोकळ्या जागा डनेजने (माल हलू नये म्हणून घालायच्या लाकूड वगैरे भरावाने) भरलेल्या नसतील, तर जहाज डोलताच पिंपे एकमेकांवर आदळून गळू लागतात.

सर्वांत घातक चूक म्हणजे खोटी वा अपुरी घोषणा. कॅल्शियम हायपोक्लोराइट नुसते ‘जंतुनाशक’ म्हणून पाठवले, तर ते उष्ण इंधनटाकीशेजारी ठेवले जाऊ शकते. तेथे तापून त्याचे विघटन सुरू झाले, की उष्णतेबरोबर ऑक्सिजनही सुटतो. त्यामुळे मालकक्षात सोडलेला कार्बन डायऑक्साइड ती आग गुदमरवू शकत नाही.