पन्नास टक्क्यांचा घाम

‘परीक्षा झाली, निकाल लागला, ऑप्शन फॉर्मही भरून झाला. आता तुझ्या हातात काही उरलेलं नाही, मग टेन्शन कसलं घेतेस?’ बारावी झालेलं मूल ज्या घरात आहे, तिथे कॅपच्या, म्हणजे कॉलेजांच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या, दोन फेऱ्यांच्या मधल्या दिवसांत हे वाक्य हमखास कानावर पडतं. हेतू चांगला, पण तर्क पार उलटा. ताण आणि कॉर्टिसॉल हे संप्रेरक यांचा संबंध तपासणाऱ्या २०८ प्रयोगांचा सॅली डिकरसन आणि मार्गारेट केमेनी यांनी २००४ साली एकत्रित आढावा घेतला. कॉर्टिसॉल सर्वांत जास्त चढलं आणि सर्वांत सावकाश उतरलं, ते दोन गोष्टी एकत्र आल्या तेव्हा: परिस्थिती आपल्या काबूत नाही आणि चार लोक आपल्याला जोखताहेत. सीट अलॉटमेंटची वाट पाहणाऱ्या मुलीच्या वाट्याला या दोन्ही आल्या आहेत. सर्व्हर काय करतोय ते तिच्या काबूत नाही, आणि ‘कुठे मिळालं गं?’ विचारायला अख्खी सोसायटी टपलेली आहे. हातात काही उरलेलं नाही, हेच तर टेन्शनचं कारण आहे.

मला मात्र यातली तिसरी गोष्ट जास्त रंजक वाटते. ती म्हणजे अनिश्चितता. आणि गंमत अशी की ती मोजता येते.

युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमधल्या आर्ची डी बर्कर आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. ४५ जणांना कॉम्प्युटरवर एक खेळ खेळायला दिला. पडद्यावर दगड दिसतो, त्याखाली साप आहे की नाही ते ओळखायचं. साप निघाला की हाताला विजेचा झटका, चांगला दुखेल इतपत. उत्तर बरोबर आलं तरी झटक्यातून सुटका नाही! कोणत्या दगडाखाली साप असण्याची शक्यता किती, हे खेळता खेळता उमगत जायचं, पण ती शक्यता मध्येच बदलायचीही. या सगळ्या वेळात खेळणाऱ्यांच्या कातडीची विद्युतवाहकता मोजली जात होती. तळहाताच्या घामाच्या ग्रंथी उकाड्यापेक्षा भीतीला लवकर दाद देतात. घाम म्हणजे खारं पाणी, त्यातून वीज सहज वाहते. म्हणून वाहकता वाढली की ताण वाढला असं समजतात. डोळ्यांच्या बाहुल्या किती विस्फारतात, तेही टिपलं जात होतं.

साप नक्की नाही हे ठाऊक असताना माणसं शांत होती, यात नवल नाही. पण साप नक्की आहे, झटका बसणारच, हे ठाऊक असतानाही ती बरीच शांत होती. सर्वांत जास्त घाम फुटला तो शक्यता ५० टक्के असताना. नक्की बसणाऱ्या झटक्यापेक्षा बसेल-न बसेल अशा झटक्याचा त्रास जास्त.

आता थोडं गणित. कंटाळू नका, दहावीच्या पलीकडचं नाही. मनासारखं होण्याच्या शक्यतेला ‘श’ म्हणू. निकाल होय किंवा नाही असे दोनच असतील, तर अनिश्चिततेचं एक सरळ माप म्हणजे श × (१ − श), आणि त्याचं वर्गमूळ म्हणजे प्रमाण विचलन, निकाल सरासरीपासून साधारण किती दूर पडतो त्याचं माप. शक्यता ५० टक्के असेल तर ०.५ × ०.५ = ०.२५, वर्गमूळ ०.५. शक्यता ९० टक्के असेल तर ०.९ × ०.१ = ०.०९, वर्गमूळ ०.३. शक्यता ९९ टक्क्यांवर गेली की वर्गमूळ साधारण ०.१.

हे तीन आकडे पुन्हा पाहा: ०.५, ०.३, ०.१. पन्नासवरून नव्वदपर्यंत यायला ४० टक्क्यांचा डोंगर चढलो, तेव्हा विचलन ०.२ ने उतरलं. नव्वदवरून नव्याण्णवपर्यंत फक्त ९ टक्के चढलो, तरी ते तेवढंच उतरलं. ‘अगं, नव्वद टक्के तुला मिळणारच’ हा मामाचा धीर अंगी का लागत नाही, ते या सूत्रात दडलेलं आहे. शिवाय सूत्र दोन्ही बाजूंनी सारखं आहे. १० टक्के शक्यतेचं विचलनही ०.३ च येतं. ‘नाहीच मिळणार’ असं धरून बसलेला मुलगा आणि ‘मिळणारच’ म्हणणारी मुलगी, दोघं अनिश्चिततेच्या टेकडीच्या दोन बाजूंना सारख्याच उंचीवर उभे असतात.

अजून एक राशी जोडायची राहिली. मनासारखं झालं आणि नाही झालं, यांत फरक किती पडतो, त्याला ‘फ’ म्हणू. मग एकूण विचलन होतं फ × √(श × (१ − श)). प्रयोगातल्या माणसांचा घाम या सूत्राबरहुकूम निघतो असा माझा दावा नाही. भरपूर गोष्टी यात बसत नाहीत. पण ताण कमी करायचे दोनच दरवाजे आहेत, शक्यता पन्नासपासून दूर नेणं आणि फरक लहान करणं, एवढं त्यावरून स्वच्छ दिसतं.

पहिला दरवाजा बहुधा बंदच असतो. इंजिनिअरिंगच्या प्रवेशपरीक्षेचं, एमएचटी-सीईटीचं, पर्सेंटाइल (किती टक्के मुलं तुमच्या मागे आहेत तो आकडा) सात दशांश स्थळांपर्यंत देतात, त्यामुळे ते फार नेमकं वाटतं. पण पीसीएम (भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित) गटात परीक्षेला बसणारी मुलं चार लाखांवर धरली, तर ०.१ पर्सेंटाइल म्हणजे मध्ये सुमारे ४०० मुलं. गेल्या वर्षी हव्या त्या ब्रँचचा कटऑफ ९८.५ होता आणि तुम्हाला ९८.४ आहेत, तर तुम्ही बरोबर सापाच्या दगडावर बसलेले आहात. ९९.९ वाला निवांत असतो, ९० वाल्याने ते कॉलेज कधीच सोडून दिलेलं असतं, आणि घाम फुटतो तो ९८.४ वाल्याला. इथेच कॉलेज प्रेडिक्टर विकणारी मंडळी येतात आणि ‘तुमची शक्यता ६३.४७ टक्के’ असं दोन दशांशांत सांगतात. कटऑफ दरवर्षी हलतो, जागा वाढतात, नवी ब्रँच निघते. त्या दोन दशांशांना पैसे मोजू नयेत.

पैसे मोजू नयेत अशी आणखी एक जागा म्हणजे ज्योतिषी. बी. एफ. स्किनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९४८ साली उपाशी कबुतरांना पिंजऱ्यात ठेवून ठरावीक वेळाने दाणे टाकले. कबूतर काही करो वा न करो, दाणे पडायचेच. तरीही आठांपैकी सहा कबुतरांनी आपापले विधी ठरवून घेतले: कुणी डाव्या अंगाने गिरक्या घेई, कुणी पिंजऱ्याच्या वरच्या कोपऱ्याकडे मान झटके. गेल्या फेरीला आईने गुरुवार केला आणि सीट लागली, म्हणून या फेरीलाही गुरुवार, हा प्रकार त्या गिरक्यांहून फार वेगळा नाही. गुरुवार जरूर करावा, साबुदाण्याची खिचडी उत्तम असते. पण अलॉटमेंट मेरिटप्रमाणे लागते.

दुसरा दरवाजा, म्हणजे ‘फ’, हा मात्र पुढच्या फेरीचा ऑप्शन फॉर्म भरताना आपल्या हातात असतो. पुण्याचं सीओईपी आणि मुंबईचं व्हीजेटीआय या नामांकित इंजिनिअरिंग कॉलेजांची कॉम्प्युटर ब्रँच असे दोनच पर्याय भरले, तर एका पायरीखाली थेट खड्डा. त्याखाली पटतील असे वीस-पंचवीस पर्याय उतरत्या आवडीने भरले, तर नेमकं काय मिळेल याची अनिश्चितता उलट वाढते, पण शेजारच्या दोन पर्यायांतला फरक लहान होतो आणि काहीच न मिळण्याची भीती जवळजवळ संपते. क्रम मात्र खऱ्या आवडीचाच हवा. यादी वरून खाली वाचली जाते, त्यामुळे ‘सेफ’ कॉलेज वर सरकवून खालच्या कॉलेजची शक्यता वाढत नाही. पहिल्या फेरीत पहिलाच पर्याय लागला तर तो घ्यावाच लागतो, म्हणून पहिल्या क्रमांकावर ‘असाच’ भरलेला पर्याय महागात पडतो.

उरली ती यादी लागण्याची तारीख. २०२५ पासून अकरावीचे केंद्रीय ऑनलाइन प्रवेशही सगळ्या राज्यात लागू झाले, त्यामुळे वाट पाहणारी मुलं आता गावोगावी आहेत. लोकलच्या इंडिकेटरवर ‘७ मिनिटं’ दिसलं की प्लॅटफॉर्मवरची गर्दी मोबाइलमध्ये डोकं घालते. इंडिकेटर बंद असला की सगळ्यांच्या माना रुळांकडे. यादी ‘लवकरच’ लागेल या सूचनेने लाखो घरांत दर दहा मिनिटांनी पोर्टल रिफ्रेश होतं. तारखेबरोबर वेळ जाहीर करणं आणि ती पाळणं, इतका स्वस्त मानसिक आरोग्याचा कार्यक्रम सरकारला दुसरा सापडणार नाही.

मग त्या दिवसांत करायचं काय? कॅलिफोर्नियात वकिलीची सनद मिळवायची परीक्षा जुलैअखेर होते आणि निकाल थेट नोव्हेंबरात लागतो. केट स्वीनी या मानसशास्त्रज्ञ बाईंनी ही चार महिन्यांची वाट पाहणाऱ्या उमेदवारांचा पाठपुरावा केला. आशावादी राहणं, मन दुसरीकडे वळवणं, वाइटाची तयारी ठेवणं, अशा नेहमीच्या उपायांनी वाट पाहतानाचा त्रास फारसा कमी होत नाही, असं २०१६ सालच्या निबंधात त्यांनी मांडलं. पण ज्यांनी वाट पाहताना जास्त घालमेल सोसली, त्यांना वाईट बातमी पचवणं सोपं गेलं आणि चांगल्या बातमीचा आनंदही जास्त झाला. तेव्हा पोर काळजी करतंय म्हणून त्याला ओरडायचं कारण नाही. वाइटाची तयारी ठेवायचीच तर शेवटच्या दिवसांत ठेवावी, आधीपासून सुरू केली तर नुसतीच दमछाक होते.

स्वीनी आणि सहकाऱ्यांच्या २०१९ च्या कामात एक उपाय जरा बरा ठरला: माणूस पूर्ण गुंतून जाईल असं काम. त्याच्या अटी कडक आहेत. काम आपल्या कुवतीला किंचित ताणणारं हवं, पुढे काय साधायचं ते स्पष्ट हवं, आणि जमतंय की नाही हे लगेच कळायला हवं. रील्स यात बसत नाहीत, कारण त्यांत जमण्या-न जमण्यासारखं काही नसतंच. तबल्याचा अडलेला कायदा बसतो, बुद्धिबळ बसतं, घडीच्या पोळ्या बसतात. अठरा पूर्ण असतील तर गाडी शिकणंही. चढावर क्लच सोडताना गाडी तीनदा बंद पडली आणि मागचा रिक्षावाला हॉर्न वाजवू लागला, की पोर्टल उघडायला हात मोकळा राहत नाही.