कुंपणावर बसणे

दोन पक्षांपैकी किंवा मतांपैकी कोणतीही बाजू उघडपणे न घेता थांबून राहणे, या अर्थाचा मूळचा इंग्रजी वाक्प्रचार (‘सिट ऑन द फेन्स’). मराठी वृत्तपत्रांतील ‘कुंपणावरचे मतदार’, ‘कुंपणावर बसलेले आमदार’ हे प्रयोग त्याच्याच शब्दशः भाषांतरातून आले आहेत.

‘फेन्स’ हा शब्द ‘डिफेन्स’मधील आरंभीचे अक्षर गळून झाला असून त्याचा मूळ अर्थ संरक्षण हाच आहे. ‘कुंपणानेच शेत खाल्ले’ या म्हणीतही कुंपण राखणदारच आहे. वाक्प्रचार मात्र एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेच्या राजकारणात रुजला. तेथे ओंडके फाडून काढलेले लांब वासे एकावर एक रचून, त्यांची टोके एकमेकांवर आडवी टाकून, खांब न पुरता आणि खिळा न ठोकता नागमोडी कुंपण उभे करीत. असे वासे फाडणारा कष्टकरी अशीच अब्राहम लिंकन यांची प्रतिमा १८६०च्या निवडणुकीत मिरवली गेली. अशा कुंपणाच्या वरच्या वाशावर माणसाला सहज बसता येई, दोन्हीकडचे रान न्याहाळता येई आणि सोयीच्या बाजूला उतरता येई. त्यामुळे या वाक्प्रचारात मनाच्या गोंधळापेक्षा हिशेबीपणा अधिक होता. साधी अनिश्चितता हा अर्थ त्यामानाने सौम्य म्हटला पाहिजे.

१८८४च्या अध्यक्षीय निवडणुकीत जेम्स ब्लेन या स्वपक्षीय उमेदवाराऐवजी ग्रोव्हर क्लीव्हलंड यांना पाठिंबा देणाऱ्या रिपब्लिकनांना ‘मगवंप’ म्हणत. हा शब्द मूळनिवासींच्या मॅसॅच्युसेट भाषेतील ‘प्रमुख’ या अर्थाच्या शब्दावरून आला. परंतु ‘मग’ म्हणजे तोंड कुंपणाच्या एका बाजूला आणि ‘वंप’ म्हणजे बूड दुसऱ्या बाजूला, अशी त्याची विनोदी फोड लोकप्रिय झाली. वस्तुतः त्या मंडळींनी बाजू उघडपणे घेतली होती, म्हणून ही फोड त्यांच्यावर अन्याय करणारी आहे.

महाराष्ट्रात शेताला बाभळीच्या काट्यांचे किंवा निवडुंगाचे कुंपण घालण्याची रीत जुनी. त्यावर सरडा बसेल, माणूस नाही. त्यामुळे हे चित्र मराठीत परकेच आहे. जवळचा देशी प्रयोग ‘तळ्यात-मळ्यात करणे’ हा होय. जमिनीवर रेघ ओढून एका बाजूला तळे आणि दुसऱ्या बाजूला मळा मानतात, राज्य असलेला गडी पुकारेल तिकडे उडी घ्यायची आणि चुकला तो बाद, असा हा मुलांचा खेळ. तरीही दोन्ही प्रयोग एकमेकांच्या जागी चालत नाहीत: कुंपणावरचा माणूस जागचा हलत नाही, तर तळ्यात-मळ्यात करणारा घटकेत इकडे, घटकेत तिकडे असतो.