थांबलेल्या गाडीतला अर्धा तास

मे महिन्यातल्या दुपारी विसरवाडी मागे टाकून कोंडाईबारी घाट चढणारी कोंबड्यांची गाडी वाहतूक अडल्यामुळे उभी राहिली, की आतल्या पक्ष्यांच्या जिवाचा हिशेब मिनिटांवर येतो. आपल्याकडच्या नियमांत या प्रसंगासाठी नेमका आकडा लिहिलेला आहे. पक्षी भरलेली गाडी 30 मिनिटांपेक्षा जास्त वेळ एका जागी उभी राहता कामा नये, थांबलीच तर सावलीत लावायची आणि त्या वेळात दाणापाण्याची सोय करायची. ही तरतूद प्राणी वाहतूक नियम, 1978 मध्ये आहे. त्यात 2001 साली दुरुस्ती होऊन कोंबड्या, बदकं, लावे, गिनी फाउल, टर्की आणि एक दिवसाची पिल्लं यांच्यासाठी वेगळं प्रकरण जोडलं गेलं. थांबण्याला अर्धा तासच का, आणि याच नियमांत पाणी पाजण्याला व सलग प्रवासाला सहा तासांचीच मर्यादा का, हे कळायला आधी कोंबडीचं शरीर उष्णतेचं काय करतं ते पाहावं लागतं.

कोंबडीच्या शरीराचं तापमान 41 ते 42 अंश सेल्सिअस असतं. तिला घामाच्या ग्रंथी नसतात आणि अंगावर पिसांची दुलई असते. दोन किलोचा ब्रॉयलर (मांसासाठी वाढवलेला) पक्षी साधारण 10 ते 15 वॅट उष्णता बाहेर टाकतो, म्हणजे हजार पक्ष्यांची गाडी हे 10 ते 15 किलोवॅटचं हीटर झालं. रावेर-यावलकडे केळीचा माल भरणाऱ्यांना घट्ट भरलेला माल आतून तापतो हे सांगावं लागत नाही, आणि कोंबडी तर केळीच्या घडापेक्षा कितीतरी जास्त ऊब देते. गाडी चालू असते तोवर वारा ही ऊब वाहून नेतो. गाडी थांबली की वारा थांबतो, पण कोंबडीच्या आतली शेगडी थांबत नाही.

थंड हवेत पक्षी अंगावरून जाणाऱ्या वाऱ्याला उष्णता देऊन मोकळा होतो. खानदेशात उन्हाळ्यात हाच हिशेब उलटतो. जळगाव-भुसावळला पारा 44-45 वर गेला की बाहेरची हवा कोंबडीच्या रक्तापेक्षा गरम असते, आणि अशा वेळी जोराचा वारा तिला थंड करण्याऐवजी आणखी तापवतो. मग एकच वाट उरते: चोच उघडून धापा टाकायच्या आणि श्वासनलिकेतलं पाणी वाफ करून बाहेर सोडायचं. एक ग्रॅम पाणी उडताना सुमारे 2.4 किलोज्यूल उष्णता घेऊन जातं. 10 वॅट देणाऱ्या पक्ष्याने निम्मी उष्णता जरी या वाटेने काढली, तरी तासाला 7 ते 8 ग्रॅम पाणी खर्ची पडतं. सहा तासांत हे 45 ग्रॅमच्या घरात जातं आणि हजार पक्ष्यांमागे सुमारे 45 लिटर होतं. काट्यावर जी ‘घट’ दिसते, तिचा मोठा वाटा हाच.

उन्हाळ्यात दर सहा तासांनी पाणी पाजलंच पाहिजे, सहा तासांपेक्षा जास्त सलग प्रवास नको आणि दर सहा तासांनी सगळा माल तपासायचा, असं नियम म्हणतात त्यामागे हे गणित आहे. धापा फार झाल्या तर दुसरंही नुकसान होतं. रक्तातला कार्बन डायऑक्साइड जास्त प्रमाणात बाहेर पडतो, रक्ताचा आम्ल-अल्कली तोल ढळतो, पक्षी लटपटतो आणि मान टाकतो.

मे महिन्याच्या कोरड्या हवेत वाफ सहज उडते, म्हणून तिथे धोका तहानेचा. जुलैत पारा 32 वरच असतो आणि गाडीवाला निर्धास्त होतो, पण हवा दमट असल्याने वाफ उडत नाही आणि पक्षी पाणी पोटात असूनही गुदमरतो. म्हणूनच उभ्या गाडीत पक्ष्यांवर पाइपने पाणी मारणं घातक ठरू शकतं. चालत्या गाडीत ते पाणी वाऱ्याने उडून गारवा देतं, उभ्या गाडीत मात्र क्रेटमधली हवा ओलसर करून ठेवतं. पाणी मारायचं तर निघताना मारावं आणि लगेच गाडी हलवावी.

आता जागेचा प्रश्न. पूर्ण वाढलेल्या कोंबडीला (बदकाची गोष्ट वेगळी नाही, फक्त टर्की आणि हंस यांना स्वतंत्र मापं आहेत) नियमांनी किमान 480 चौरस सेंटीमीटर जागा दिली आहे. छपाईच्या ए-फोर कागदाचा साधारण तीन चतुर्थांश भाग. पेटी 115 सेंमी लांब, 50 रुंद, 45 उंच आणि तिच्यात जास्तीत जास्त 12 पक्षी. तीन महिन्यांच्या पक्ष्यांसाठी 55 बाय 50 बाय 35 ची पेटी, तिच्यातही 12. महिन्याच्या पिल्लांसाठी 60 बाय 30 बाय 18 च्या पेटीत 24. युरोपीय संघाच्या 2005 च्या नियमात 1.6 ते 3 किलोच्या पक्ष्याला किलोमागे 160 चौरस सेंटीमीटर जागा आहे, म्हणजे दोन किलोच्या पक्ष्याला 320. कागदावर आपला नियम जास्त मोकळा आहे, आणि आपलं हवामान पाहता तो तसाच असायला हवा.

उंचीचा आकडा तर अगदी मोलाचा आहे. बाजारात मिळणारी प्लास्टिकची क्रेट साधारण 28 ते 30 सेंमी उंच असतात. त्यात मोठा पक्षी मान ताठ करून उभा राहू शकत नाही, बसूनच राहतो. बसलेल्या पक्ष्याच्या पोटाखाली आणि पंखांखाली हवा पोहोचत नाही, आणि डोक्यावर मोकळा पट्टा नसल्याने गरम वाफ बाहेर पडायला वाट उरत नाही. 45 सेंमी उंचीत हा पट्टा मिळतो. असली बुटकी क्रेट वापरायची असतील तर लांबी-रुंदीचा गुणाकार करून 480 ने भागावं आणि उन्हाळ्यात त्यातूनही दोन पक्षी कमी करावेत. 90 बाय 57 सेंमीच्या क्रेटचा हिशेब दहा पक्ष्यांचा निघतो, पंधरांचा नाही.

या नियमांना छेद देणारा एक आकडा मोटार वाहन नियमांत आहे आणि त्याने गोंधळ वाढवला आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या 125-ई या कलमाने 1 जानेवारी 2016 पासून जनावरं नेणाऱ्या गाड्यांना कायमस्वरूपी कप्पे सक्तीचे केले. गाय-म्हशीला 2 चौरस मीटर, शेळी-मेंढीला 0.3 चौरस मीटर, आणि कोंबडीला 40 चौरस सेंटीमीटर. चाळीस! ही जागा एटीएम कार्डापेक्षा लहान आहे. एवढ्यात कोंबडीचे दोन पायही नीट टेकणार नाहीत. त्या नियमातली दुसरी अट मात्र चांगली आहे: जनावरं नेणाऱ्या गाडीत इतर माल भरायचा नाही. कुणी 40 चा आकडा दाखवून क्रेट कोंबू लागला, तर प्राणी वाहतूक नियमातला 480 चा आकडाही तितकाच लागू आहे, हे त्याला सांगावं.

रस्त्याने नेताना पेट्या एकावर एक ठेवायच्या नाहीत, हा नियम मोडला जाताना सगळ्यांनी पाहिला आहे. कारण सरळ आहे. पिकअपचा हौदा अडीच मीटर लांब आणि 1.7 मीटर रुंद धरला, तर 115 बाय 50 च्या जेमतेम सात पेट्या एका थरात बसतात. सात गुणिले बारा म्हणजे 84 कोंबड्या, आणि तेवढ्यांसाठी डिझेल परवडत नाही. पण थर रचल्यावर काय होतं तेही पाहायला हवं. वरच्यांची विष्ठा खालच्यांच्या अंगावर पडते, ओली पिसं ऊब धरत नाहीत, खालच्या पेटीचं झाकण दबतं आणि मधल्या थरात हवा मरते. लोखंडी कप्प्यांच्या गाडीत पेटीचा भार पेटीवर येत नाही आणि दोन कप्प्यांत फट राखता येते, पण नियमाच्या शब्दांत तिला सवलत लिहिलेली नाही. या ठिकाणी नियम नव्याने लिहायला हवा, असं आमचं स्पष्ट मत आहे: फटीचं माप, तळाला विष्ठा अडवणारा पत्रा आणि थरांची मर्यादा आकड्यांत सांगावी. पाळता येईल असा नियम पक्ष्यांच्या जास्त कामाचा.

गाडीत हवा कुठून कुठे जाते, याबद्दल बहुतेकांचा समज उलटा असतो. केबिन हवा फाडत पुढे जाते तेव्हा तिच्या लगेच मागे बाजूंना दाब कमी होतो, आणि पेट्यांमधली हवा मागून पुढे ओढली जाते. त्यामुळे मागच्या पेट्यांना ताजी हवा लागते, तर केबिनमागच्या मधल्या पेट्यांत सगळ्या गाडीची ऊब आणि वाफ गोळा होते. तिथली एक उभी ओळ रिकामी सोडली तर फरक पडतो. ताडपत्री छतावर हवी, पण पेट्यांना चिकटलेली नको, हातभर वर ताणलेली हवी. बाजू जाळीच्या ठेवाव्यात. डिसेंबर-जानेवारीत धुळ्याकडे पहाटेचा गारठा झोंबतो, तेव्हा पुढची बाजू आणि दोन्ही कडा झाकाव्यात, पण मागची बाजू थोडी उघडी ठेवावी. पूर्ण बंद केलेल्या गाडीत थंडीतही पक्षी गुदमरतात.

दुखापती मात्र गाडी सुटण्याआधीच झालेल्या असतात. शेडमध्ये पकडताना एका पायाला धरून उचललं तर मांडीचं हाड खुब्यातून निखळतं. पंख धरला तर रक्त साकळतं. अंडी देऊन झाल्यावर काढलेल्या लेअर कोंबड्यांना तर फारच जपावं लागतं, कारण वर्षभर अंड्यांच्या कवचात कॅल्शियम गेल्याने त्यांची हाडं ठिसूळ झालेली असतात आणि साध्या हिसक्याने तुटतात. रात्री, मंद निळ्या उजेडात, दोन्ही हातांनी पंखांसकट धरून उचलणं सगळ्यात बरं. पेटीचं तोंड मोठं हवं, नाहीतर पंख काठाला अडकतो.

पाय बांधून उलटं टांगणं हा तर आपल्याकडचा नेहमीचा देखावा. धडगाव-अक्कलकुव्याच्या आठवडे बाजारातून मोटारसायकलच्या हँडलला लटकत जाणाऱ्या गावठी कोंबड्या कुणाच्या नजरेला खटकतही नाहीत. कोंबडीला माणसासारखा श्वासपटल नसतो. ती उलटी झाली की आतडी-यकृताचं ओझं थेट वायुकोशांवर येतं आणि छाती फुलवणं अवघड होतं. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचं कलम 11 (1) (ड) म्हणतं की वाहनातून असो वा नसो, विनाकारण वेदना होतील अशा रीतीने किंवा अशा स्थितीत प्राणी नेणं हा गुन्हा आहे. ‘वाहनातून असो वा नसो’ या शब्दांत हँडलही येतं आणि हातही. दोन-चार कोंबड्या न्यायच्या असतील तर बांबूची डालगी आजही उत्तम आहे: हवा खेळते, पक्षी बसतो, वरून ओलं फडकं टाकता येतं.

या गुन्ह्याला पहिल्या वेळी दंड आहे 10 ते 50 रुपये. तीन वर्षांत पुन्हा केला तर 25 ते 100 रुपये, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. 1960 साली ही रक्कम जड वाटत असेल, आज तिच्यात अर्धा किलो चिकनही येत नाही. ती वाढवली गेली पाहिजे. तोवर तक्रार पोलीस ठाण्यात किंवा 112 वर करता येते, आणि जिल्ह्यातल्या प्राणी क्लेश प्रतिबंधक सोसायटीकडेही.

एक दिवसाच्या पिल्लांचं गणित वेगळं. त्यांच्या पोटात बलकाचा उरलेला साठा असतो, त्यावर ती दोन-तीन दिवस तग धरू शकतात, म्हणून हॅचरीतून लांब पाठवता येतात. नियमानुसार 60 बाय 45 बाय 12 सेंमीच्या खोक्यात 80 पिल्लं. तळाला जाळी चालत नाही, बोटं अडकतात आणि पाय फाकतात. कोपऱ्यात ढीग होऊन खालची पिल्लं दबू नयेत अशी खोक्याची रचना असायला हवी. पुठ्ठ्याच्या खोक्यात चार कप्पे असतात ते याचसाठी.

नवापूरला तर वैद्यकीय दाखल्याची किंमत समजावून सांगायची गरज नाही. फेब्रुवारी 2006 मध्ये देशातला पहिला नोंदलेला बर्ड फ्लू तिथे आला आणि 2021 च्या फेब्रुवारीत पुन्हा. संसर्गजन्य रोग नाही आणि पक्षी प्रवासाला सुदृढ आहेत, असा पशुवैद्यकाचा दाखला नियमाने सक्तीचा आहे. जोडीला पेट्या धुणं. आधी साबणाच्या पाण्याने विष्ठा काढायची, मगच जंतुनाशक. घाणीवर टाकलेला क्लोरिन घाणीतच संपतो, विषाणूपर्यंत पोहोचत नाही.

नवापूर ते जळगाव अंतर दोनशे किलोमीटरच्या आसपास. रात्री नऊ-दहाला भरलेली गाडी पहाटेआधी सहा तासांच्या आत पोहोचते, म्हणजे नियम आणि पक्षी दोघंही सुखरूप. पक्षी पकडेपर्यंत पाणी त्यांच्यासमोर असावं. दाणा किती आधी काढायचा यावर मतभेद आहेत, कारण नियम निघण्याआधी दाणा-पाणी दोन्ही द्यायला सांगतो आणि कत्तलीला जाणाऱ्या मालाचा दाणा व्यापारी आठ-बारा तास आधीच काढतात. पाणी तोडण्याला मात्र कुठलंच कारण नाही.

माल उतरवताना मेलेले पक्षी नुसते बाजूला टाकू नयेत, कुठल्या पेटीतून निघाले ते वहीत लिहावं. केबिनमागच्या मधल्या ओळीत मर जास्त असेल तर हवा कमी पडली. खालच्या थरात असेल तर ओल आणि दाब. मर सगळीकडे सारखी आणि पक्षी हलके, सुकलेले असतील तर पाणी. मेलेल्यांचे पाय-पंख निखळलेले असतील तर चूक शेडमधल्या पकडीत. त्या नोंदीशेजारी गाडी कुठे आणि किती मिनिटं उभी होती तेही लिहावं. चार-पाच खेपांच्या नोंदी जमल्या की कोणती ओळ रिकामी ठेवायची आणि कोणता थांबा टाळायचा हे वहीतच दिसतं.