आतल्या याद्या आणि दुबार नोंदी: मागचा इतिहास

दुबार ओळी गाळणारी युनिक्स या संगणक प्रणालीची जुनी ‘युनिक’ आज्ञा फक्त लागोपाठच्या ओळी ताडून पाहते, म्हणून आधी ओळी ‘सॉर्ट’ म्हणजे क्रमाने लावून घ्याव्या लागतात. १९७७ मध्ये बेल लॅब्जमध्ये ऑक भाषा तयार झाली आणि ही अट सुटली. पाहिलेली प्रत्येक ओळ असोसिएटिव्ह ॲरेत (नावावरून नोंद शोधता येणाऱ्या कोशात) ‘की’, म्हणजे शोधायचे नाव, म्हणून टाकायची. की आधीच असेल तर ओळ वगळायची. नंतरच्या पर्ल भाषेने ही युक्ती जशीच्या तशी उचलली.

घोळ सुरू झाला तो १९९४ च्या पर्ल ५ पासून. त्यात रेफरन्स (दुसऱ्या डेटाकडे बोट दाखवणारी मूल्ये) आले आणि यादीत यादी ठेवता येऊ लागली. पण हॅशची (पर्लमधल्या असोसिएटिव्ह ॲरेची) की ही स्ट्रिंग, म्हणजे नुसता मजकूरच. रेफरन्सची स्ट्रिंग केली की मेमरीतला पत्ता मिळतो, आतला मजकूर नाही. त्यामुळे आतून सारख्या असलेल्या दोन याद्याही वेगळ्या ठरतात आणि काहीच गाळले जात नाही.

पीएचपी या भाषेत नेमके उलटे. २००० साली आलेले, दुबार गाळणारे ‘ॲरे_युनिक’ हे फंक्शनही स्ट्रिंग करूनच तुलना करते, पण तिथे कुठल्याही ॲरेची (यादीची) स्ट्रिंग ‘ॲरे’ हा एकच शब्द. दहा ग्राहकांच्या दहा नोंदी दिल्या तर एकच परत येते! २००९ मध्ये ५.२.९ आवृत्तीने तुलनेचा प्रकार निवडायची सोय दिली आणि मूळ वागणूकही बदलली, लगेचच्या ५.२.१० मध्ये ती पुन्हा जुनीच केली. सोय मात्र राहिली. तीही जपूनच वापरावी, कारण आतल्या याद्यांसाठी निवडावा लागणारा प्रकार सैल तुलना करतो: ‘००७’ आणि ‘७’ त्याला एकच वाटतात.

पायथन ही भाषा सरळ नकार देते. २००४ मध्ये २.४ आवृत्तीत ‘सेट’ (दुबार न ठेवणारा संच) भाषेतच आला, पण त्यात लिस्ट (यादी) टाकली की टाइपएरर, म्हणजे हा प्रकार चालत नाही अशी चूक. लिस्ट नंतर बदलू शकते, मग तिचा हॅश (इथे मजकुरावरून काढलेला, शोधासाठीचा आकडा) कशावर बेतायचा? टपल (न बदलणारी यादी) चालतो, पण त्याच्या आत लिस्ट राहिली असेल तर पुन्हा तीच एरर. मला हा हट्टीपणा बरा वाटतो. निदान डेटा गुपचूप गायब होत नाही.

पीएचपीवाल्यांनी मग प्रत्येक नोंद ‘सिरियलाइझ’ करून (एका स्ट्रिंगमध्ये बदलून) दुबार काढायची आणि परत उलगडायची, असा मार्ग धरला. तो बहुतेक वेळा चालतो. मात्र एका नोंदीत नाव आधी आणि गाव नंतर, दुसरीत उलटे असले, की त्या वेगळ्या ठरतात. त्यासाठी आधी प्रत्येक पातळीवर ‘केसॉर्ट’ने की क्रमाने लावून घ्याव्या लागतात.