झोपडपट्टी फुटबॉल ते स्लम सॉकर: नागपूरच्या वस्त्यांमधल्या कामाची पार्श्वभूमी

नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजातले क्रीडाशिक्षक विजय बारसे यांना २००१ च्या पावसात वस्तीतली पोरं फुटकी बादली लाथाडत खेळताना दिसली. त्यांनी पोरांना फुटबॉल दिला. पुढच्याच वर्षी 'झोपडपट्टी फुटबॉल'ची शहरपातळीवरची स्पर्धा झाली आणि १२८ संघ उतरले. क्रीडा विकास संस्था, नागपूर या नावाने काम उभं राहिलं; पुढे ते 'स्लम सॉकर' म्हणून ओळखलं जाऊ लागलं.

पण स्पर्धा चार दिवसांची. करंडक वाटून झाला की पोरगं पुन्हा नाक्यावर. संस्थेची खरी वाढ संघांच्या आकड्यात नाही, रोजच्या सरावात आहे.

२००७ मध्ये कोपनहेगनच्या होमलेस वर्ल्ड कपला, म्हणजे बेघरांच्या जागतिक फुटबॉल स्पर्धेला, संस्थेचा संघ गेला. या स्पर्धेचे नियम वस्तीला सोयीचे आहेत. मैदान २२ बाय १६ मीटर, म्हणजे दोन चाळींमधल्या मोकळ्या जागेतही जवळपास तसं आखता येतं. एका बाजूला गोलरक्षकासह चार खेळाडू, सात-सात मिनिटांचे दोन डाव. शिवाय खेळाडूला आयुष्यात एकदाच भाग घेता येतो. त्यामुळे एकाच हिऱ्याला पैलू पाडत बसून भागत नाही. दरवर्षी नवी मुलं तयार करावी लागतात आणि वस्तीतला सराव आपोआप चालू राहतो.

अशा कामात 'फुटबॉल थ्री' ही पद्धत फार उपयोगी पडते. तिची मुळं १९९० च्या दशकातल्या कोलंबियातल्या मेडेयीन शहरात आहेत. सामन्याचे तीन भाग: आधी दोन्ही संघ वर्तुळात बसतात आणि नियम ठरवतात, मग खेळ, मग पुन्हा बसून एकमेकांच्या वागणुकीला गुण. पंच नसतो, मध्यस्थ असतो. अंधार पडत आला की घाईत तिसरा भागच गाळला जातो, आणि मैदानावरचं भांडण तसंच घरापर्यंत जातं. मध्यस्थानेच गुण देऊन टाकले तर तो पुन्हा पंच झाला.

मुलींची गळती वेगळ्याच कारणांनी होते. सराव दिवेलागणीनंतर संपत असेल किंवा जवळ स्वच्छतागृह नसेल, तर घरचे पाठवत नाहीत. वेळ तासभर अलीकडे घेऊन वस्तीतलीच एखादी ताई प्रशिक्षक नेमली की फरक दिसतो.

२०१६ मध्ये संस्थेला फिफाचा विविधता पुरस्कार मिळाला.